क्रोशाच्या सुईवरचा ८ हा आकडा आणि आरीकाम

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर):
सासूबाईंच्या डब्यात क्रोशाच्या काही जुन्या पोलादी सुया मिळाल्या असून त्यांपैकी एकीवर ८ हा आकडा कोरलेला आहे. मी विणत असलेल्या तोरणाच्या नमुन्यातही ८ क्रमांकाचीच सुई सांगितली आहे. परंतु नमुन्यातली लोकर या सुईच्या खाचेत मावत नाही आणि खांब (उंच टाके) घालताना लोकरीचे पदर सुटतात. शिवाय ब्लाउजच्या गळ्यावर आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईने (आरीने) करायचे भरतकाम, शिकण्याची इच्छा आहे. त्यासाठी हीच बारीक सुई चालेल का, की वेगळी आरी घ्यावी लागेल?

उत्तर १ (राजारामपुरी):
ताई, आकड्यावर जाऊ नका. अमेरिकी पद्धतीत लोकरीची ८ क्रमांकाची सुई ५ मिमी जाडीची असते, जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ म्हणजे ४ मिमी, आणि अमेरिकी पोलादी सुयांमध्ये ८ म्हणजे जेमतेम दीड मिमी. त्यातही अमेरिकी लोकरीच्या सुयांचा आकडा वाढला की जाडी वाढते, उरलेल्या दोन्हींत मात्र आकडा वाढला की सुई बारीक होते. आपल्याकडची सुई पोलादी असल्यामुळे ती सुती क्रोशा दोऱ्यासाठीच असणार. तो दोरा घट्ट पिळाचा असतो, लोकरीचा पीळ सैल असतो, म्हणूनच टोक पदरांच्या मधे घुसते. नमुन्यात मिलिमीटर दिले आहेत का ते पाहावे, नसल्यास नमुना कुठल्या देशातला आहे ते पाहून ४ किंवा ५ मिमीची सुई घ्यावी.

जुन्या सुया मोजायच्या असतील तर व्हर्नियर कॅलिपर (बारीक जाडी मोजायचे साधन) लागेल, आणि उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या आपल्या गावात तो कुणाकडे मागावा हा प्रश्न पडायला नको. मात्र माप खाचेपाशी किंवा बोटे टेकवण्याच्या चपट्या भागापाशी घेऊ नये. टाका जिथे बसतो त्या गोल दांड्याची जाडी हेच सुईचे माप, कारण टाक्याचा आकार तिथेच ठरतो.

उत्तर २ (आरीकामाचे वर्ग घेते, शाहूपुरी):
क्रोशाच्या सुईने आरीकाम होणार नाही. क्रोशाचे डोके मुद्दाम बोथट आणि गोलसर ठेवलेले असते, कारण त्याला आधीच तयार असलेल्या टाक्यातून जायचे असते. आरीला ताणलेले कापड स्वतः भेदावे लागते, म्हणून तिचे टोक अणकुचीदार आणि त्यावरचा आकडा (दोरा अडकवायचा हुक) अगदी लहान असतो. मणी भरायचे असतील तर ते आरीवरच ओवून घेतात, तेव्हा तिचा दांडाही मण्याच्या भोकातून जाण्याइतका सडपातळ हवा.

कापड फ्रेमवर टिचकी मारली तर वाजेल इतके ताणावे. दोरा कापडाखाली डाव्या हाताच्या चिमटीत राहतो. सुई सरळ उभी खाली घालावी, दोऱ्याचा वेढा आकड्यात घ्यावा, सुई अर्धी फिरवावी आणि तिची पाठ भोकाच्या कडेला किंचित दाबून वर काढावी. नवशिक्यांची सुई अडकते ती बहुधा इथेच, कारण न फिरवता ओढल्यास आकडा कापडाचे धागे धरून वर येतो. सुई बदलता येणारी मूठ घेतल्यास मुठीचा स्क्रू आणि सुईचा आकडा एका रेषेत बसवावा. मग आकड्याचे तोंड कुठे आहे ते न पाहताही बोटाला कळते. पहिले काही दिवस साध्या सुती कापडावर नुसती साखळी घालावी. रेशमी ब्लाउजपीस एवढ्यात हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३ (चप्पल लाइन):
चामड्याच्या कामातही आकड्याची आरी असते आणि कच्छचे मोची भरत हे भरतकाम तिच्याच नाजूक भावंडाने भरले जाते. पण घरात चपलांच्या कामाची आरी असेल तर ती कापडाला लावू नये, भोक मोठे पडते आणि ते बुजत नाही.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. जुन्या सुयांपैकी दोघींच्या टोकाच्या खाचेवर गंज आहे. त्या टाकून द्याव्यात का?

उत्तर १:
वरवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने दांड्याच्या लांबीच्या दिशेने घासून काढावा, खाचेच्या आतून तोच कागद दुमडून फिरवावा, शिलाई मशीनचे तेल लावून पूर्ण पुसावे आणि आधी टाकाऊ पांढऱ्या दोऱ्यावर विणून पाहावे. दोऱ्यावर डाग उमटले नाहीत आणि खाच दोरा ओरबाडत नसेल तर सुती रुमालासाठी त्या अजून उत्तम आहेत. खाचेत खड्डे पडले असतील तर मात्र ठेवण्यात अर्थ नाही.