अनुभव धागा: थेरपीच्या अभ्यासात हाताखाली काम केलंय का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची सायकॉलॉजीची मुलं विचारतात, संशोधनात शिरायचं कसं? थेरपीने माणसाला खरंच फरक पडतो का, हे मोजणाऱ्या अभ्यासात राबलेल्यांनी लिहा. धारवाडला, बेंगळुरूला, चोर्ल्यापलीकडे गोव्यात, कुठेही.

टिळकवाडीकर
माझं काम पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, भरून घेणं. नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. सोपं वाटलं होतं. खानापूरकडच्या एका मावशींना विचारलं, "कामात रस वाटत नाही असं होतं का?" त्या म्हणाल्या, "रस? उसाचा?" मी समजावायला गेले तर सरांनी थांबवलं. छापलंय तेच वाचायचं, हवं तर पुन्हा वाचायचं. आपण शब्द बदलले की आकडा आपला होतो, त्यांचा राहत नाही. तिसऱ्यांदा वाचल्यावर मावशीच म्हणाल्या, "हां, मनस्सिल्ला. चूल पेटवायचंबी मन न्हाई." आमच्या भागात कन्नड येणाऱ्याला आधी घेतात ते उगीच नाही.

वडगावचा पोर
मी 'ब्लाइंड' होतो! म्हणजे कोणाला थेरपी मिळाली नि कोणाला नेहमीचे उपचार, हे मला कळू द्यायचं नाही. फोन लावला की पहिलं वाक्य: "कोणते उपचार मिळाले ते मला सांगू नका." तरी एक काका सुरुवातीलाच, "त्या मॅडमनी डायरी लिहायला लावली, लई बरं वाटतंय." झालं. नोंद केली आणि पुढची मुलाखत दुसऱ्याकडे.

निपाणी_८८
गळती, म्हणजे अभ्यास मधेच सोडणारे. तंबाखूच्या हंगामात कोण फोन उचलतंय? पण सोडून गेलेल्यांना हिशेबातून काढलं तर थेरपी आहे त्यापेक्षा भारी दिसू शकते. म्हणून संध्याकाळी सातनंतर पुन्हा पुन्हा फोन.

चोर्लाघाट
अर्ज करण्याआधी गोव्यातल्या 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'चा २०१७ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध वाचा. नैराश्यावर सहा ते आठ भेटी, त्याही प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांच्या. मुलाखतीत मला त्यावरच बोलता आलं.

अनगोळची
मानधन चार महिने रखडलं, निबंधात नाव फक्त आभारात. कुठे ते लिहीत नाही. दोन्ही गोष्टी आधी लेखी घ्या.

टिळकवाडीकर
राहिलंच. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे ० सोडून काहीही आलं तर फॉर्म बाजूला, त्याच दिवशी वरच्यांना फोन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मी फॉर्मच्या पाठीवर लिहून ठेवायचे. दोनदा त्याची गरज पडली.