मदत हवी आहे: बाथरूमच्या फरशीखाली हीटिंग मॅट, वॉटरप्रूफिंग वर की खाली?

राम राम मंडळी. धुळ्यात जानेवारीत पारा 10 अंशांखाली जातो आणि पहाटे फरशी बर्फासारखी लागते. घरात म्हातारी माणसं आहेत, म्हणून 5 बाय 8 फुटांच्या बाथरूममध्ये विजेची मॅट टाकायची आहे. कमोडखाली नाही, फक्त चालायच्या 1.5 चौरस मीटरमध्ये. 150 वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे 225 वॅट, साधारण 1 अँपिअर. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग आणि फरशीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी वेगळी नळी ठरलेली आहे.

अडचण ढाळाची. मॅटवर सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं पातळ सिमेंटचं मिश्रण) ओतलं तर ते सपाट बसतं, जाळीकडचा ढाळ जातो. 40 मिलिमीटर रेती-सिमेंटचा माल टाकला, तर फरशी तापायलाच फार वेळ लागतो. म्हणून ढाळ आधी कोब्यात (खालच्या सिमेंटच्या थरात) काढून, मॅट चिकटवून, वर लवचिक अ‍ॅडेसिव्हचा पातळ थर द्यायचा विचार आहे. केबलवर हवा राहिली तर ती तिथे जास्त तापून जळते, त्यामुळे थर पोकळ राहता कामा नये.

आता विचारायचं ते असं: वॉटरप्रूफिंगचा कोट या थरावर द्यावा, की कोब्यावरचाच पुरेसा? वर दिल्यास व्हिट्रिफाइड टाइलची पकड टिकते का?

मॅटचा रोध 235 ओहमच्या आसपास हवा. केबल कुठे तुटली नाही ना हे कळावं म्हणून तो अंथरण्यापूर्वी, थरानंतर आणि टाइलनंतर मोजणार आहोत. दातेरी थापी केबलला न लावता काम करणारा गवंडी धुळे-जळगावकडे कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.