न्याहारी-निवास चालवताना : कोकण किनाऱ्यावरच्या यजमानांचे अनुभव

कोकणात घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणारी घरं आता गावोगाव आहेत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि माजघराशेजारच्या खोल्यांना वेगळे दरवाजे आले. काम मात्र अजून ज्याचं त्याला चुकत चुकतच शिकावं लागतं. म्हणून हा धागा. एक विनंती आहे. पाहुण्यांचे किस्से नंतर कधीतरी लिहू, इथे मापं लिहा. किती, केव्हा, कशानं बिघडतं आणि काय केलं की बिघडत नाही, एवढंच. नवीन सुरू करणाऱ्याला त्याचाच उपयोग आहे.

देवबाग, ३ खोल्या

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण आमच्या बाजूला समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये जमिनीची नुसती चिंचोळी पट्टी आहे. माणशी दिवसाला १५० लिटर धरा. समुद्रात डुंबून आलेला माणूस दोनदा अंघोळ करतो, कपडेही खळबळतो. सहा पाहुणे आणि घरची चार माणसं म्हणजे १५०० लिटर. टाकी २००० लिटरची हवी, म्हणजे वीज गेली तरी एक दिवस निघतो.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मे महिन्यात पंप सलग दोन तास चालवला की वरचा गोडा थर संपतो, खालचं खारं पाणी वर येतं आणि पुढचे कित्येक दिवस पाणी मचूळ लागतं. म्हणून पंप अर्धा तास चालवायचा, दोन-तीन तास थांबायचं, मग पुन्हा अर्धा तास. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या खालच्या टोकाची झडप) तळाशी ठेवू नका, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ठेवा आणि पाणी उतरेल तसा खाली घ्या. कटकट आहे, पण विहीर वाचते.

१५ लिटरच्या गिझरमधून कोमट पाण्याच्या साधारण दोन बादल्या निघतात. खोलीत चार माणसं असतील तर २५ लिटरचा घ्या. क्षाराच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तो पाणी तापू देत नाही आणि वीज खातो. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कॉइल काढून साफ करून घ्यायची.

शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा. जांभा सच्छिद्र असतो, वाळू तर त्याहून. संडासात रोज ॲसिड ओतलं की सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, मैला कुजत नाही आणि टाकी लवकर भरते. आठवड्यातून एकदा साधी साबणाची पावडर आणि ब्रश पुरे. प्रत्येक न्हाणीघरात झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या ठेवा, म्हणजे पॅड आत टाकले जाणार नाहीत. तुंबण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

मालवण, ४ खोल्या

न्याहारीबद्दल लिहिते. पाहुणे खोली विसरतात, न्याहारी विसरत नाहीत.

आंबोळीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, एक चमचा मेथी. सहा तास भिजत, मग वाटून रात्रभर. डिसेंबर-जानेवारीत पीठ वर यायला बारा तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सहालाच वाटा आणि भांडं चुलीजवळ ठेवा. मे महिन्यात पाच-सहा तासांतच येतं आणि सकाळपर्यंत आंबट ढोण होतं. तेव्हा रात्री दहा वाजता वाटायचं आणि मीठ रात्रीच घालायचं, मिठानं आंबणं मंदावतं. थंडीत मीठ सकाळी.

सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार. माणशी ५० ग्रॅम कोरडे वाटाणे, दहा-बारा तास भिजवलेले. हा वाटाणा हट्टी असतो. जड पाण्यात सात शिट्ट्या होऊनही कचकचीत राहतो. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गोडं पाणी घ्या, चिमूटभर सोडा घाला. वाटप लावायच्या आधी दाणा बोटात चिरडून पाहा, कारण वाटप आणि आमसूल पडल्यावर तो पुढे शिजत नाही.

घावण्यांचा हिशोब पुष्कळ जणी चुकतात. माणशी तीन घावणे, आठ माणसांना चोवीस. बिडाच्या एका तव्यावर एक घावणा दोन मिनिटांत होतो, म्हणजे पाऊण तासाहून जास्त वेळ. पहिल्या माणसाचं खाऊन होतं तरी शेवटचा वाट बघत बसलेला असतो. दोन तवे हवेतच. तांदूळ चार तास भिजवून बारीक वाटायचे, पीठ ताकासारखं पातळ. प्रत्येक वेळी ओतण्याआधी तळापासून ढवळायचं, नाहीतर वरचं पाणी आधी संपतं आणि शेवटचे घावणे जाड होतात. जाळी पडत नसेल तर तवा थंड आहे किंवा पीठ घट्ट आहे, तिसरं कारण नाही. नवीन तांदूळ चिकट असतो, घावणा सुटत नाही. वर्षाचा जुना वापरा. तेल नारळाच्या शेंडीनं पुसायचं, ओतायचं नाही.

शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीची शेव नारळाच्या गोड रसासोबत, हौसेनं ठेवा, पण सहा माणसांपर्यंतच. उकडीचे मुठे उकळत्या पाण्यात घालून वर तरंगले की लगेच, गरम असतानाच साच्यातून दाबावे लागतात. निवले की साचा जाम होतो आणि शेव तुटते. नारळाचा रस गुळासह कधीही उकळू नका, फाटतो. गूळ थंड रसातच विरघळवायचा, वेलची शेवटी. सोलकढीचंही तेच. ती सकाळी करून दुपारपर्यंत बाहेर ठेवायची नाही.

न्याहारीची वेळ पाहुण्यांच्या सहलीवरून ठरते. सकाळी होडीत बसणाऱ्याला आंबोळी पोटभर देऊ नका, होडी हलते. आधी चहा आणि एखादं केळं, परत आल्यावर न्याहारी.

तारकर्ली, २ खोल्या

होडीचा विषय आला म्हणून भरती-ओहोटीचं लिहितो. पाहुणे सगळ्यात जास्त हेच विचारतात आणि आपल्याकडे उत्तर तयार हवं.

कालनिर्णय भिंतीवर असेल तर दुसरं काही लागत नाही. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, येते ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा धरायची : ४५ भागिले ४, सव्वा अकरा. पंचमीला पावणेचार. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दिवसातून दोनदा हेच चक्र, आणि भरती रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडू शकतो, म्हणून होडीवाल्याला विचारल्याशिवाय पाहुण्याला वेळ पक्की सांगू नका.

याचा उपयोग असा. देवबागच्या संगमाजवळचा वाळूचा पट्टा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. पंचमी-षष्ठीला ओहोटी सकाळी दहा-साडेदहाला, म्हणजे सोयीची वेळ. पण अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरतीही कमी आणि ओहोटीही कमी, त्यामुळे ओहोटीलाही पट्ट्यावर पाणी राहतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पट्टा मोठा मिळतो पण ओहोटी पाचच्या सुमारास येते आणि पाण्याला ओढ जास्त असते. लहान मुलं असतील तर उधाणाच्या दिवशी संगमावर पाण्यात उतरू देऊ नका. नदीचं पाणी समुद्राकडे खेचतं.

डॉल्फिन बघायचे तर सकाळी सात ते नऊ. तेव्हा जमिनीवरून मतलई वाहते आणि पाणी आरशासारखं असतं, पाठीचा पंख लांबून दिसतो. अकरानंतर खारा वारा सुटतो, लाटांची पांढरी टोपी दिसू लागली की परत फिरायचं. स्नॉर्केलिंगलाही सकाळच बरी.

२६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही. जूनचं बुकिंग घेतानाच हे लिहून कळवा. आल्यावर कळलं तर राग यजमानावर निघतो.

कुडाळ, ३ खोल्या

आमच्याकडे समुद्र नाही, स्टेशन आहे. बरेच पाहुणे एक रात्र राहून मालवणला जातात, सुमारे तीस किलोमीटर. त्यांना थेट रिक्षात बसवण्याऐवजी वाटेवरचा अर्धा दिवस आखून द्या. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या बघता येतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. मग वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर, पुढे धामापूरचा तलाव. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. काठावर भगवतीचं देऊळ आहे, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पोहायला उतरू नका असं आधीच सांगा.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळी पहिल्या होड्यांनी पाठवा. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या या तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे, दुपारी जांभा तापतो. टोपी आणि माणशी एक लिटर पाणी. होडीवाला परतीची वेळ देतो, तेवढ्यात शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी निवांत होतात. सगळा तट फिरायचा असेल तर बसतानाच जास्त वेळ मागून घ्यायचा.

पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. छापील पत्रक भिंतीवर लावलेलं असेल तर जूनमध्ये नवं लागू होताच बदला.

वेंगुर्ला, ५ खोल्या

चादरी. प्रत्येक पलंगामागे तीन संच : एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. पावसाळ्यात चालू ठेवत असाल तर पाच. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढऱ्या चादरी पिवळ्या पडतात आणि आपण ब्लीच घालतो, तिथेच चूक होते. क्लोरीननं लोहाचा डाग आणखी गडद होऊन धाग्यात पक्का बसतो. लिंबाचं सत्त्व कोमट पाण्यात, बादलीला दोन चमचे, अर्धा तास भिजत ठेवून मग धुवा. उशीच्या अभ्र्यावरचं खोबरेल आधी भांड्याच्या साबणानं चोळायचं, मगच मशिनमध्ये टाकायचं.

खाऱ्या हवेत लोखंडी बिजागरी दोन वर्षांत जाते. पितळी लावा. स्टील घेत असाल तर ३०४ प्रतीचं नाही, ३१६ प्रतीचं. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राकडे तोंड करून बसवू नका आणि दर महिन्याला गोड्या पाण्यानं हलक्या धारेनं धुवा. बसलेलं मीठच त्याच्या जाळीला खातं.

विजेचा हिशोब : १५० एएचच्या बॅटरीतून प्रत्यक्षात हजार वॅट-तासांच्या आसपास मिळतात. ७५ वॅटचे तीन साधे पंखे, सहा एलईडी आणि वायफाय म्हणजे साडेतीन तास. पंखे बीएलडीसी, ३० वॅटचे, केले तर तेवढ्याच बॅटरीवर सहा तास. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

आणि पावसाळ्याचं. कौलांची शाकारणी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरकायची, नंतर माणसं मिळत नाहीत. बंद खोलीतल्या गाद्या उभ्या करून भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, रोज तासभर पंखा. काथ्याची गादी ओल धरते, एकदा बुरशीचा वास लागला की जात नाही.

वेळास, घरातली माजघराची जागा आणि १ खोली

आमचा हंगाम वेगळा, कासवांचा. इथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांसोबत संवर्धन सुरू केलं आणि त्यातूनच घरगुती राहण्याची सोय उभी राहिली. पाहुण्याला बुकिंगच्या वेळी एक गोष्ट स्वच्छ सांगायची : पिल्लं आपल्या सांगण्यावरून निघत नाहीत. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, पिल्लं बाहेर आली असतील तरच सकाळी आणि संध्याकाळी सोडली जातात. एक रात्र राहणाऱ्याला दोनच संधी मिळतात. शनिवारी दुपारी येऊन सोमवारी सकाळी निघणाऱ्याला चार.

सकाळी सहाला चहा तयार हवा, न्याहारी परत आल्यावर. फ्लॅश आणि टॉर्च बंद, हे घरातच सांगून ठेवा. किनाऱ्यावर गर्दीत सांगितलेलं ऐकू जात नाही. दुपारी बाणकोट किल्ला. हरिहरेश्वरला जाणाऱ्यांना वेसवी-बागमांडला फेरीबोट, गाडीसकट पलीकडे नेते.

देवगड, २ खोल्या

कागदपत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकानं त्याच घरात राहणं ही अट आहे. प्रत्येक पाहुण्याची नोंद वहीत, ओळखपत्राची प्रत, शक्यतो मास्क केलेलं (शेवटचे चारच आकडे दिसणारं) आधार. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो तो दारात उभा असतानाच घ्या, जेवून झोपल्यावर उठवणं बरं दिसत नाही.

दुहेरी बुकिंग होतं ते एकाच कारणानं : फोनवर खोली दिली आणि साइटवर तारीख बंद केली नाही. फोन खाली ठेवण्याआधी तारीख बंद करा. साइटचं कमिशन १५ ते २० टक्के जातं, दर ठरवताना ते आधी वजा करून पाहा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलानं ठरते, ती जाहीर झाली की त्याच दिवशी फोन सुरू होतात. तेव्हा घरच्यांसाठी आधीच एक खोली राखून ठेवा. मुंबईहून नातेवाईक येतातच.