मदत हवी आहे: सॅम्पल रात्रभर गोठले, आता कोणता रिपोर्ट खरा मानायचा?

मेळघाटचा_लॅबवाला

नमस्कार मंडळी. घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मी धारणीकडे एका लहान कलेक्शन सेंटरवर टेक्निशियन आहे. शुगर, हिमोग्लोबिन, मलेरियाची स्लाईड आमच्याकडे होते, बाकी सगळं एसटीनं परतवाड्यावरून अमरावतीला जातं. सोमवारी दुपारपासून लाईट नव्हती, त्यामुळे ट्यूबा सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं मशीन) फिरवता आल्या नाहीत. संध्याकाळची गाडीही आली नाही. निघताना नव्या पोराला म्हटलं, "सॅम्पल फ्रिजमध्ये ठेव." त्यानं ठेवले, पण वरच्या बर्फाच्या खणात. त्याचं म्हणणं, उन्हाळा आहे, जेवढं थंड तेवढं चांगलं. चूक माझीच, "खाली ठेव" म्हणायला पाहिजे होतं. रात्री लाईट आली.

सकाळी नऊच्या नऊ ट्यूबा आईसकांडीसारख्या टणक. टेबलावर पंख्याखाली ठेवून वितळवल्या आणि फिरवल्या. वर पिवळं सिरम (पेशी खाली बसल्यावर उरणारं पाणी) नाही, खाली गाठ नाही, सगळं एकजीव लाल, जांभळाच्या सरबतासारखं. सेंटरचे मालक म्हणाले, "पाठवून दे, जे निघेल ते निघेल." पाठवले.

आज पाच रिपोर्ट "हिमोलाईज्ड (लाल पेशी फुटलेल्या), पुन्हा पाठवा" म्हणून परत आलेत, पण चारांत आकडे आहेत. किडनीच्या एका काकांचं पोटॅशियम "१० पेक्षा जास्त", किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.९. एका बाईचा थायरॉईडचा टीएसएच ३.१. एका पोराचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), त्यात एमसीएचसी (लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाट) ४१. आणि एका आजीच्या नातवाची सिकलसेलची (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी. काकांच्या मुलानं रिपोर्ट मोबाईलवर पाहिला, तो आता गाडी ठरवून त्यांना अमरावतीला न्यायला निघालाय. काका अंगणात बसून चहा पीत आहेत.

यातलं काय ग्राह्य धरू? सगळ्यांना परत बोलवायचं म्हटलं तर कोणाचा रोज बुडतो, आजी तर २२ किलोमीटरवरून येते.

लाल_झाकण

आधी काकांचं. लॅबवाले भाऊ, त्या मुलाला आत्ता फोन करा, बाकीचं नंतर वाचा. सांगा की हा आकडा फुटलेल्या पेशींचा आहे, पण "काही नाही, घरी बसा" असंही सांगू नका. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम खरंच वाढलेलं असू शकतं. या रिपोर्टवरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. जवळच्या दवाखान्यात ईसीजी आणि ताजं सॅम्पल, आजच.

आता कारण. रक्त शून्याच्या साधारण अर्धा अंश खाली गोठायला लागतं. आधी पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या पाण्यात मीठ दाटत जातं, त्यात लाल पेशी आधी आक्रसतात आणि वितळताना फुटतात. लाल पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसेक पट जास्त असतं. बाहेर नॉर्मल ३.५ ते ५, आत १०० च्या आसपास. सगळा माल बाहेर आला की मशीन "१० पेक्षा जास्त" दाखवणार नाही तर काय? पेशीतल्या एलडीएच आणि एएसटी या एन्झाइमांची तीच गत.

मेळघाटचा_लॅबवाला

केला फोन. मुलगा काकांना घेऊन इथल्याच दवाखान्यात गेलाय. बाकीच्यांचं सांगा ना.

लाल_झाकण

क्रिएटिनिन टाका. लाल रंगानंच ती तपासणी बिघडते. टीएसएच तसा चिवट आहे, वेगळं केलेलं सिरम उणे २० ला गोठवून पुढे तपासलं तरी चालतं. पण तुमचं सिरम वेगळं केलेलंच नव्हतं, सबब तोही परत. सीबीसीचा तर प्रश्नच नको. पेशी फुटल्या की हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) पडतो, हिमोग्लोबिन मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण मशीन ते पेशी फोडूनच मोजतं. म्हणून एमसीएचसी ४१ सारखा अशक्य आकडा येतो. प्लेटलेट बरे दिसले तरी भुलू नका, मशीन पेशींचे तुकडेही प्लेटलेट म्हणून मोजतं.

शंकेखोर_काका

अडाण्याचा प्रश्न. ब्लड बँकेत रक्त गोठवूनच ठेवतात ना?

लाल_झाकण

नाही हो काका. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांवर राहते, गोठवत नाहीत. गोठवतात तो प्लाझ्मा, पेशी काढल्यानंतर. दुर्मिळ गटाच्या पेशी गोठवतात कुठेकुठे, पण आधी त्यात ग्लिसरॉल भरून.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोलीकडे सिकलसेलच्याच कामात आहे. एचपीएलसीत तसंही पेशी फोडूनच हिमोग्लोबिन वेगळं करतात, त्यामुळे गोठलेल्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) रक्तातही सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन दिसतं. पण लॅबला "सॅम्पल गोठलं होतं" हे कळवलंय का? नसेल तर लगेच कळवा. सिकल-थॅलेसेमिया (सिकलसेलसोबत थॅलेसेमिया हा दुसरा आनुवंशिक रक्तदोष) आहे का हे ठरवायला एमसीव्ही (लाल पेशीचा आकार), एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) लागतात आणि ते तुमच्याकडे नाहीत. त्या पोरावर जन्मभराचा शिक्का बसणार आहे, अर्ध्या रिपोर्टवर बसवू नका.

अवांतर: साधा फ्रिजही भोळा समजू नका. न फिरवलेलं रक्त ४ अंशांवर रात्रभर ठेवलं तरी पोटॅशियम चढतं, कारण थंडीत पेशीचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपतं. पेशी फुटत नाहीत, सिरम पिवळंच दिसतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

उपकेंद्रवाली_ताई

आमच्या लसींचं सांगते, तुमच्या डब्यालाही लागू आहे. फ्रीजरमधून काढलेला आईस पॅक तसाच कॅरिअरमध्ये टाकत नाही. बाहेर ठेवतो, कानाशी धरून हलवतो, आतून पाण्याचा डुबुक आवाज आला की मगच भरतो. मे महिन्यात कोरडा टणक पॅक ट्यूबेला चिकटून ठेवला तर एसटीतही गोठेल.

लाल_झाकण

ताईंना +१. आणि पुढच्यासाठी: लाईट आली की आधी फिरवा, सिरम वेगळ्या वायलमध्ये काढा, मग ठेवा. जेल ट्यूब (जिच्यात पेशी आणि सिरममध्ये जेलचा थर बसतो ती) तशीच गोठवू नका आणि दुसऱ्यांदा फिरवूही नका. गोठवलेलं सिरम वितळलं की वर पातळ आणि खाली दाट राहतं, आठ-दहा वेळा हळूच उलटंपालटं करा, नाहीतर वरचंच उचललं जातं. एकदाच वितळवा. आणि घरगुती फ्रिजच्या वरच्या खणावर भरवसा ठेवू नका, बर्फ न साचणारे फ्रिज मधेमधे स्वतःच गरम होतात. त्यात तुमचं लोडशेडिंग. पीटी-आयएनआरची (रक्त साकळायच्या वेळेची तपासणी) निळी ट्यूब फ्रिजमध्येही नको.

मेळघाटचा_लॅबवाला

अपडेट देतो. काकांचा ईसीजी ठीक, ताजं पोटॅशियम ५.६. थोडं वाढलेलंच आहे, डॉक्टरांनी गोळी बदलली. मालकांना सांगितलं की परत घेतलेल्या सॅम्पलचे पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत. तोंड वाकडं केलं, पण मानले. फ्रिजच्या वरच्या दारावर पट्टी चिकटवली: "इथे फक्त बर्फ."

आजी नातवाला घेऊन आली तेव्हा म्हणे, "त्या दिवशी घेतलेलं रगत काय मांजरीनं पेलं का रे बाप्पा?" खरं काय ते सांगितलं. चहा पाजला.

नऊपैकी आठ झाले. नववा माणूस वीटभट्टीवर गेलाय, फोन लागत नाही. उद्या त्याच्या गावाकडे जाणारा कोणी भेटतो का पाहतो.