नैराश्यातील ‘समग्र उपचार’ नेमके करायचे कोणी?

सायंतारा (धागाप्रवर्तक)

नैराश्यावरील कोणत्याही व्याख्यानाला गेले की शेवटी हातात एक यादी पडते. रोज अर्धा तास चालणे, ठरावीक वेळी झोपणे, पालेभाज्या, प्राणायाम, एखादा छंद, मित्रमंडळींच्या गाठीभेटी आणि गरज वाटल्यास औषध. यालाच हल्ली समग्र उपचार म्हणतात. त्यामागचा विचार मला मान्य आहे. आजार म्हणजे केवळ शरीरातील बिघाड नसून शरीर, मन आणि भोवतालची माणसे यांचा तो एकत्र प्रश्न असतो, अशी मांडणी जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ मध्ये केली, आणि मनोविकारांच्या बाबतीत तरी ती आता कोणी नाकारत नाही. माझी तक्रार त्या विचाराबद्दल नाही, यादीबद्दल आहे.

माझ्या यजमानांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यानंतरच्या श्रावणात त्यांचे दाढी करणे थांबले. सकाळी ते पलंगाच्या कडेवर बसत, एका पायात चप्पल घालत आणि दुसरी समोर पडलेली असताना तिच्याकडे पाहत वीस-वीस मिनिटे तसेच बसून राहत. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण थायरॉइड मंदावले असले तरी माणूस असाच दिसू शकतो. थायरॉइड ठीक होते, बी-बारा कमी होते. त्याची भरपाई आणि नैराश्याची गोळी अशी दोन्ही सुरू झाली. महिनाभरात झोप लागू लागली, जेवण वाढले. मग यादी आली. ती मी फ्रिजवर लावली आणि त्यांना नापास होण्यासाठी घरात आणखी एक जागा तयार करून ठेवली. रोज संध्याकाळी ते त्या कागदासमोरून मान खाली घालून जात.

फरक पडला तो शेजारच्या गुरुजींमुळे. एका सकाळी सव्वासहाला त्यांनी बेल वाजवली आणि म्हणाले, ‘दूध आणायला सोबत चला, गुडघ्यामुळे येताना मला पिशवी पेलवत नाही.’ हे माझ्या सांगण्यावरून झाले होते आणि त्यांचा गुडघा ठणठणीत होता. पण यजमान उठले, आणि दुसऱ्या दिवशीही उठले, कारण आता कोणीतरी दाराशी उभे होते.

म्हणून माझे म्हणणे असे की समग्र उपचारातील बहुतेक कामे रुग्णाने करायची नसतात, भोवतालच्यांनी करायची असतात. अशी माणसे नसतील तर यादी देऊच नये. औषध द्यावे आणि पुढची तारीख द्यावी.

तालुक्याचा डॉक्टर

ताई, आपला शेवटचा परिच्छेद वाचून बरे वाटले, पण आपण त्याला अपवाद म्हणून मांडता आणि माझ्याकडे मात्र तो रोजचा नियम आहे. सकाळच्या ओपीडीत ऐंशी ते शंभर केसपेपर असतात. त्यांतील एकही माणूस ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. अंग दुखते, डोके जड राहते, छातीत धडधडते, रात्री दोनला जाग येते, गॅस वर चढतो, असेच सांगतात. त्यातून मला चार मिनिटांत दोन प्रश्न विचारायचे असतात: गेल्या पंधरा दिवसांत मन सतत खिन्न होते का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का. दोन्हींपैकी एकालाही ‘हो’ आले तर तिसराही प्रश्न विचारावा लागतो, जीव नकोसा वाटतो का, आणि तो विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, हे इथे मुद्दाम लिहितो.

निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नाही. जिथे अपुरा उपचारही पोहोचलेला नाही तिथे समग्रतेची चर्चा मला पोटभरल्यांची वाटते. शिवाय तिचा एक प्रत्यक्ष तोटा मी पाहतो. ‘आधी योग करून बघू, आहार सुधारून बघू’ यात घरचे लोक चार-सहा महिने घालवतात आणि मग जो माणूस माझ्यासमोर आणून बसवतात, त्याचे वजन दहा किलोंनी उतरलेले असते.

खारेवारे

डॉक्टरसाहेब, आपल्याकडे वेळ नाही हे खरे, पण ते काम आपणच करायला हवे असे कोणी ठरवले? आमच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जवळपास पाचशे रुग्ण होते, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. निम्म्यांना केंद्रातील नेहमीचे उपचार आणि उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी. भेटी देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण देऊन तयार केलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आणि इतरांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते.

या पद्धतीत ‘चालायला जा’ असे कोणी सांगत नाही. काल दुपारी चार ते सहा काय केले, त्या वेळी मन कसे होते, शेवटचे बरे केव्हा वाटले होते आणि तेव्हा हात कशात गुंतले होते, असे विचारत विचारत त्या माणसाच्या स्वतःच्या दिवसातून एक अगदी लहान काम शोधले जाते. एखादीसाठी ते परसातील माडांना पाणी घालणे असेल, एखाद्यासाठी पुतण्याला शाळेत सोडणे असेल. उत्साह आल्यावर काम करायचे, हा आपला नेहमीचा क्रम इथे उलटा केलेला असतो. आधी काम, मग मागून थोडा उत्साह. सायंताराताईंच्या गुरुजींनी नकळत हेच केले. हे गोव्यातील आरोग्य केंद्रात होऊ शकते, तर आपल्या तालुक्यात का होऊ नये? समग्रता ही पोटभरल्यांची चैन आहे, हे मला म्हणूनच पटत नाही.

पाऊलवाट

मुळात गोळ्यांचा एवढा आग्रह कशासाठी? मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येते, या समजुतीला पुरेसा आधार नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात म्हटले आहे. पायाच डळमळीत असेल तर इमारत कशी उभी राहणार? मी स्वतः गोळ्या एका दिवसात बंद केल्या, पहाटे उठून सूर्यनमस्कार घालू लागलो आणि आज ठणठणीत आहे.

तालुक्याचा डॉक्टर

पाऊलवाट, आपण बरे आहात याचा आनंद आहे, परंतु ‘एका दिवसात बंद केल्या’ हे वाक्य वाचून कोणी तसे करू नये म्हणून तातडीने लिहितो. या गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटणे, असे त्रास होऊ शकतात. त्या हळूहळू उतरवतात. राहिला तो आढावा. त्यात औषधाचा परिणाम होतो की नाही याची तपासणी नव्हती, एका कारणमीमांसेची होती, आणि औषध नेमके कसे लागू पडते हे नीट न कळताही ते लागू पडल्याची उदाहरणे वैद्यकात भरपूर आहेत. पहिल्याच गोळीने पूर्ण बरे वाटणारे साधारण एक तृतीयांशच असतात, हे अमेरिकेतील २००६ च्या मोठ्या अभ्यासात दिसले होते आणि मी ते रुग्णांपासून लपवत नाही. गोळी बदलावी लागते, मात्रा वाढवावी लागते, आणि ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके आले असतील त्याला केवळ नैराश्याची गोळी दिली तर ती उलटूही शकते. एवढे पाहायचे असते म्हणून तर डॉक्टर लागतो.

सायंतारा

व्यायामाची गोष्ट निघाली म्हणून एक तपशील. १९९९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशी उलटलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांवर एक प्रयोग झाला आणि सोळा आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि गोळी घेणारे यांच्यात फारसा फरक उरला नाही, असे दिसले. हा प्रयोग सगळे सांगतात. तो व्यायाम आठवड्यातून तीनदा, गटात आणि देखरेखीखाली होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. म्हणजे तिथेही कोणीतरी वाट पाहत होते! पहाटे एकट्याने उठून सूर्यनमस्कार घालू शकणारा माणूस त्या पहाटेपर्यंत बराच सावरलेला असतो, असे मला वाटते.

कापूसकोंड्या

सगळे वाचले. समग्र माणूस, समग्र माणूस असे चालले आहे, तर त्या समग्र माणसात त्याचा सातबारा येतो की नाही?

आमच्या अमरावती जिल्ह्यातील काही गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जात, नैराश्याबद्दल बोलत, गरज असेल त्याला पुढे पाठवत, आणि उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्याने कित्येक पटींनी वाढले. म्हणजे खारेवारे म्हणतात ते इकडेही झाले आहे. पण ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे आणि सावकाराचे असे दोन्ही कर्ज आहे, बोंडअळीने कापूस खाल्ला आहे आणि मुलीचे लग्न ठरले आहे, त्याला ‘काल चार ते सहा काय केले’ असे विचारायला गेलात तर तो म्हणेल, बांधावर बसून हिशेब केला. त्याच्या खिन्नतेला आजार म्हटले की सरकार मोकळे, बँक मोकळी, आपण सगळे मोकळे.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, कारण ती माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाते. आमच्या काकांना पीकविम्याचे पैसे मिळाले, सोसायटीचा हप्ता फिटला, घरात पेढे आणले. काकांनी पेढा हातात धरला तो तसाच संध्याकाळपर्यंत कागदात राहिला. रात्री झोप नव्हतीच. शेवटी जिल्हा रुग्णालयातील गोळी लागली. पैसा गेल्याने जे सुरू झाले ते पैसा आल्याने थांबले नाही. याचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही, पण म्हणून सातबारा यादीतून गाळू नका.

ओलीसुकी

मी हा आजार दोनदा भोगला आहे आणि इथे प्रत्येक जण माझ्याबद्दल बोलतो आहे, माझ्याशी कोणी बोलत नाही, असे वाचताना वाटत राहिले.

सायंताराताई, गुरुजींची युक्ती आपल्याला गोड वाटते, मला ती वाचून अंगावर काटा आला. माझ्या दुसऱ्या वेळी अचानक सगळ्यांना माझी आठवण येऊ लागली. मंगळवारी जुनी मैत्रीण ‘सहज’ आली, गुरुवारी मावसभाऊ ‘इकडून जात होतो’ म्हणून आला, शनिवारी एकीला माझ्याच हातचे थालीपीठ खायचे होते. मला खरेच वाटू लागले की आपण लोकांना हवे आहोत. मग एकदा बहिणीचा फोन माझ्या हातात असताना त्यावर व्हॉट्सअॅपचा संदेश उजळला. गटाचे नाव ‘ताईसाठी’. अकरा सदस्य. ‘आज जेवली का?’, ‘उद्या कोणाची पाळी?’, ‘गोळ्या मोजल्या का?’ त्या अकरांतील दोघे माझ्या कार्यालयातील होते. त्यानंतर तीन महिने मी कोणाशी धड बोलले नाही, कारण कोण खरेच आले आहे आणि कोण पाळीने आले आहे, हे ओळखण्याचा मार्गच उरला नव्हता.

रुग्णाने काही करू नये, भोवतालच्यांनी करावे, असे आपण म्हणता. त्यात रुग्णाला विचारायचे की नाही, याबद्दल एक शब्दही नाही. उपचारांची गुप्तता राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मला दिला आहे, पण तो डॉक्टरांपुरता चालतो. नातेवाइकांच्या गटाला कोणता कायदा लावायचा? डॉक्टरांच्या चार मिनिटांत निदान लबाडी तरी नव्हती.

तालुक्याचा डॉक्टर

ओलीसुकी, जिवाला धोका असताना गोळ्या मोजाव्या लागतात, त्याबद्दल मी माघार घेणार नाही. परंतु मोजतो आहोत हे तुम्हाला सांगून मोजायला हवे होते, हे मान्य. खारेवारे यांनाही एक उत्तर राहिले आहे: माझ्याकडे अशी प्रशिक्षित माणसे नाहीत, आशाताईंच्या हातात आधीच डझनभर रजिस्टरे आहेत. तोवर मी लोकांना १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून देतो. मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत आणि फोन करणाऱ्याला शेजाऱ्यांसमोर यावे लागत नाही.

सायंतारा

ओलीसुकी, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहू शकले नाही. काल रात्री जेवताना यजमानांना सगळे सांगितले, म्हणजे गुरुजींना मीच पाठवले होते, गुडघ्याचे खोटे होते. ते ताटातून मान वर न करता म्हणाले, ‘पहिल्याच आठवड्यात कळले होते. अर्ध्या लिटर दुधाने कोणाचा गुडघा दुखतो?’ मग इतके दिवस गेलात का, असे विचारले, तर म्हणाले, ‘गुरुजी बेल वाजवून उभे राहायचे ना.’

माझे मूळ म्हणणे मी सोडत नाही, पण विचारायला हवे होते, हे बरोबर आहे.

ओलीसुकी

त्यांना कळले होते आणि तरीही ते गेले, म्हणजे निर्णय त्यांचा होता. माझ्या बाबतीत तेवढीही जागा ठेवलेली नव्हती, आणि फरक आहे तो तिथेच.

पुढे कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय त्या कायद्यात आहे. ती उपचारांपुरती आहे, पण त्यावरून मी बरी असताना घरच्यांसाठी माझा एक साधा कागद केला. पुन्हा असे झाले तर कोणी यायचे, कोणाला कळता कामा नये, गोळ्यांची डबी कोणाकडे द्यायची, आणि येणाऱ्याने ‘सहज आलो’ म्हणायचे नाही, ‘तुझ्यासाठी आलो’ म्हणायचे. कागदावर सध्या दोन नावे आहेत. बहिणीचे अजून घातलेले नाही.