मदत हवी आहे: पीचच्या बुंध्यात बोरर (खोड पोखरणारी अळी), नेमाटोड (अळ्या मारणारे सूक्ष्म कृमी) नेमके कधी द्यायचे?

आम्ही अमेरिकेत राहतो, अंगणात पीचची ३ झाडं आहेत. त्यातल्या दोघांच्या बुंध्याशी, अगदी मातीलगत, डिंक येतोय आणि त्यात लाकडाच्या भुशासारखी घाण मिसळलेली आहे म्हणजे नुसता डिंक्या (झाडातून डिंक गळण्याचा रोग) नाही. माती बाजूला केली तर पांढरट अळी आणि तपकिरी डोकं, शिवाय उन्हाळ्यात निळसर काळी, पोटावर केशरी पट्टा असलेली गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी फिरताना दिसली होती, ती पीच ट्री बोररची मादी पतंग निघाली.

आतापर्यंत तारेने ४-५ अळ्या काढल्या, बुंध्याभोवतीचं गवत साफ केलं, फेरोमोन ट्रॅप (मादीच्या वासाने पतंगांना ओढणारा सापळा) पण लावला पण त्यात नरच अडकतात, आतल्या अळीला काहीच होत नाही ना. फळं घरातच खातो म्हणून कडक कीटकनाशक नकोय. सालीला सगळीकडून गोल खाल्लं तर झाड जाणार याची फार धास्ती वाटतेय.

आता सप्टेंबर सुरू आहे, अळ्या अजून लहान असतील. स्टायनरनिमा कार्पोकॅप्सी हे नेमाटोड ज्यांनी वापरलेत त्यांनी सांगा, आत्ताच द्यावेत की वसंतात, आणि नुसतं मातीत ओतायचं की सालीतल्या छिद्रात पण सोडायचं?