सुईचा गुण की टिकचा उतार?
तुम्ही म्हणता, दहा वेळा ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्यावर लेकराचं डोळे मिचकावणं थांबलं. थांबलं असेलही. पण टिक, म्हणजे डोळे मिचकावणं, खांदे उडवणं असे आपसूक येणारे झटके, मुळातच चढते-उतरते. आपण धावतो ती चढल्यावर, मग उताराचं श्रेय सुईला. ॲक्युपंक्चरवरचे बरेच अभ्यास चीनमधले, लहान आणि ढिले. परभणीच्या आमच्या भाच्याचं खांदे उडवणं तर आजीने मिरच्या ओवाळल्यावरही कमी झालं होतं! पुन्हा सुरू झालं तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सवय मोडायचा सराव शिकवला: झटका येणार असं आतून जाणवलं की खांदे हळूच खाली दाबून धरायचे. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०१९ च्या सूचनांतही औषधाआधी असाच वर्तनोपचार आहे. आणि शाळेत बाईंना सांगून ठेवा, सारखं टोकलं की वाढतं.